मंगळावरचा कप

सातारच्या मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात मी आणि माझा मित्र मासिकांतल्या विज्ञानकथांवर वाद घालायचो. युद्धावरून परतलेला एक शिपाई, खाकी सदऱ्यातला, रोज बाहेर पायरीवर ताठ बसून चहा प्यायचा. त्याच्या जातीचा कप दाराबाहेर खिळ्याला वेगळा टांगलेला असे.

एकदा मी ऐटीत सांगत होतो, "त्या कथेत यंत्रं राबतात, पण मालक मालकच राहतो. मंगळावरच्या या कथेत मात्र सगळे समान."

पायरीवरून त्यानं शांतपणे विचारलं, "आवं, मंगळावर आमचा कप कुठं टांगत्यात?"

"तिथं सगळ्यांचे कप एकत्रच," मी म्हणालो.

"लय बरं हाय," म्हणून त्यानं आपला कप विसळला आणि खिळ्याला अडकवला.

मी मान खाली घालून उठलो. माझा उष्टा कप टेबलावरच होता.