हातात न दिलेलं मीठ

सत्यवतीबाई विंचू चपलेने मारी; पण परक्या माणसासमोर बोलायचं म्हटलं की तिची बोबडी वळे. अशी बाई मास्तरीण झाली, याला काय म्हणावं! गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव शाळा निघाल्या आणि आगरवाड्याच्या मिठागरात राबणाऱ्या शेवंतीच्या या लेकीला इब्रामपूरला जागा मिळाली. पण तात्पुरती. तपासणीचे साहेब धडा पाहणार. पसंत पडला तर कायम, नाहीतर परत मिठागर.

"बाय, भिया नको," आई म्हणाली. "धडो मिठाचो मां? मगे मीठ घेवन जा." रुमालात बांधलेलं मूठभर मीठ तिने नेहमीसारखं जमिनीवर ठेवलं. सत्यवतीने तिथून उचललं.

"बाई, साहेब इले!" पोरं ओरडली आणि बाईंनी घाईघाईने फळ्याकडे तोंड फिरवलं.

धडा आफ्रिकेच्या वाळवंटातल्या मिठाच्या व्यापाराचा. उंटांचे तांडे उत्तरेकडून मिठाच्या लाद्या आणत, दक्षिणेचं सोनं नेत. व्यापारी मुसलमान. त्यांच्यामागून त्यांचा धर्म आला, लिहिणं-वाचणं आलं. परमुलखात धर्मबंधूच्या शब्दावर माल सोडता येई. घानाच्या राजाने मुसलमान कारकून ठेवले, मालीचे राजे तर स्वतःच मुसलमान झाले, मशिदी आणि शाळा उभ्या राहिल्या. एवढं तिने फळ्याकडे बघत एका दमात सांगून टाकलं.

"पण सोनंवाल्यांची भाषाच कळत नसे ना?" साहेबांनी मागून विचारलं. "मग सौदा कसा होई?"

झालं! वाचलेलं सगळं डोक्यातून पार उडालं. काहीतरी करायचं म्हणून तिने रुमाल सोडला.

"मीठ आणलंय? बघू." साहेबांनी पुढे येऊन हात पसरला.

"हातात नको, साहेब!" ती ओरडलीच. "भांडण होतं!"

साहेबांना हात आखडायला लावला! गेली नोकरी. तिने मीठ टेबलावर ठेवलं आणि मागे सरत भिंतीला टेकली. तिथे तिला आठवलं.

"असाच होई सौदा," ती पुटपुटली. "मीठ ठेवून दूर जायचं. मग सोनंवाले येत, शेजारी सोनं ठेवत आणि तेही दूर जात. पटलं तर सोनं उचलायचं. कोणी बोलतच नसे, असं सांगतात."

साहेबांनी एक खडा जिभेवर ठेवला. खिशातून कागद काढून काहीतरी खरडलं, तो मिठाशेजारी ठेवला आणि एक शब्द न बोलता दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

सत्यवतीबाईंना भिंत सोडवेना. त्या कागदावर काय असेल, कायमची नोकरी की परत मिठागर?

शेवटी पोरंच ओरडली, "बाई, पटलां तर उचला मगे!"