कडेवरचा भाऊ

माझी शाळा माझ्या धाकट्या भावाच्या पायांवर अडली होती. मी सात वर्षांची झाले होते, बरोबरीच्या मुली पाट्या घेऊन जायच्या आणि मी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला जायचे. त्याच्या जन्मानंतर आईची कंबर धरली ती सुटलीच नाही. त्याला उचलून फिरवणं तिला झेपत नव्हतं आणि हा पठ्ठ्या चालायचं नाव घेत नव्हता. वडील मिलमध्ये कारकून होते. सकाळच्या भोंग्याला निघायचे, संध्याकाळी यायचे. मी शाळेचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"तो चालायला लागला ना, की येत्या जुलैत तुझं नाव घालू. पक्कं."

वडील शब्दाचे पक्के होते, तसेच सवयीचेही. राज्याचं नाव मध्यप्रदेश झालं तरी पत्रावर ते आधी मध्यभारत लिहायचे, मग खोडायचे. त्यामुळे त्यांचं 'पक्कं' म्हणजे दगडावरची रेघ हे मला माहीत होतं. भाऊ चालला तर शाळा, नाही चालला तर नाही.

आम्ही जुनी इंदूरमध्ये राहायचो. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे लांब ओटा आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक अंगण. भाऊ आजारी वगैरे मुळीच नव्हता. चांगला गुटगुटीत होता, आणि ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बसवलं तिथे बसायचा, हवं ते बोटाने दाखवायचा, मी आणून द्यायचे. असा थाट असताना कोण कशाला चालेल? आईने तेल चोळलं, नवस बोलली, वैद्यांकडे नेऊन आणलं. शेजारी माळव्यातली एक मौसी राहायची, दोन म्हशींची मालकीण. तिला मात्र कसली काळजी नव्हती.

"सियाळो आने दो, बाई," ती आईला म्हणायची. "छोरा अपने आप चलेगा."

सियाळो म्हणजे हिवाळा. आईला ते पटायचं नाही. मी मात्र भर चैत्रात थंडीची वाट बघायला लागले.

त्या उन्हाळ्यात दुपारी लू, म्हणजे भाजणारा वारा, सुटली की आई दारं-खिडक्या लावून घ्यायची, फरशीवर पाणी शिंपडायची आणि आम्हाला त्यावर लोळू द्यायची. अंगाखालची फरशी वाळली की भाऊ कुरकुरायचा. आई डोळे मिटून पडलेली, मी झोपेचं सोंग घेतलेलं. मग तो आपणच पोटावर सरकत पुढच्या ओल्या जागी जायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पावसाळ्यात अंगणाचा काळा चिखल झाला. इंदूरची काळी माती अशी चिकट, की पाय पुढे जातो आणि चप्पल मागे राहते. त्या मातीवर लाल मखमलीचे मृगाचे किडे निघायचे आणि त्यांच्यामागे भाऊ रांगायला लागला. हात लावला की किडा पाय मिटून गप्प व्हायचा. मग भाऊही हात मागे घेऊन गप्प बसायचा आणि तो हलायची वाट बघायचा. त्याचे कपडे धुता धुता आईचा पिट्टा पडला, पण त्याला उचल असं ती मला एकदाही म्हणाली नाही.

पितृपक्षात आमच्याकडे मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा काढतात. कधी चंद्र-सूर्य, कधी शिडी, कधी पंखा, आणि त्यावर तेरड्याच्या पाकळ्या चिकटवतात. हा मूळचा माळव्यातल्या मुलींचा खेळ, पण आम्ही मराठी घरांतल्या मुलींनीही तो कधीच आपला करून टाकला होता. भावाला भिंतीशी बसवून मी चंद्र काढला, पाकळ्यांनी भरला आणि जरा पाठ फिरवली, तर त्याने अर्धा चंद्र सोलून तोंडात घातलेला. मुली खिदळायला लागल्या. मला असा राग आला, की दुसऱ्या दिवशी मी चित्र त्याच्या हाताबाहेर वर काढलं. तो गुडघ्यांवर उभा राहिला. मी आणखी वर काढलं. त्याने भिंतीला दोन्ही तळवे टेकले, बूड उचललं, थरथरत उभा राहिला, एक गुलाबी पाकळी उपटली आणि धपकन बसला.

मग मी शहाणी झाले. रोज सगळ्यांत छान पाकळी त्याच्या हातापासून बोटभर वर लावायची आणि पाठ करून उभं राहायचं.

अमावास्येला संजा खरवडून पाण्यात सोडली. भिंत रिकामी झाली आणि भाऊ पुन्हा खाली बसला. मी गेरूने फुलं काढली. त्याने एकदा नखाने खरवडून पाहिलं, निघत नाहीत हे कळलं, आणि परत तिकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. माझी शाळाच त्या पाण्यात सोडून आल्यासारखं मला वाटलं.

माझ्या नातीच्या बालवाडीत आता भिंतीवर ऋतूंचा मोठा तक्ता आहे. ढग, छत्री, लोकरीची टोपी, आणि हसऱ्या तोंडाचा सूर्य. तक्ता छान आहे, पण त्यातला सूर्य जागचा हलत नाही. आमच्या ओट्यावरचं ऊन हलायचं. थंडीत सकाळी ते कोपऱ्यात जिन्यापाशी उतरायचं आणि भिंत सोडून हळूहळू तुळशीकडे सरकायचं. मी गोधडी ओढत आणि भावाला उचलत त्याच्यामागून जायचे.

एका सकाळी मौसीने मला हिरव्या हरभऱ्याची जुडी दिली. घाटे सोलण्यात माझं सगळं ध्यान. ऊन सरकलं तशी मीही सरकले आणि भाऊ सावलीत राहिला. थोड्या वेळाने त्याने दोन्ही हात वर केले. म्हणजे, उचल. माझं तोंड भरलेलं, मांडीवर टरफलं पसरलेली. मला खरंच कंटाळा आला.

"ये," मी म्हटलं.

त्याने भिंतीकडे पाहिलं. ती लांब मागे राहिली होती. मग उन्हाकडे पाहिलं. दोन्ही हात फरशीला टेकून तो उठला, हात सोडले, आणि दारुड्यासारखा डुलत डुलत थेट माझ्या मांडीत येऊन पडला. त्याचे पाय बर्फासारखे गार होते.

मी लगेच आईला हाक मारली नाही. त्याचे पाय उन्हात धरले, एक हरभरा सोलून त्याला भरवला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि मला आनंदाच्या आधी भीतीच वाटली. आता हा माझ्याशिवाय कुठेही जाऊ शकणार होता. मग मी ओरडले. आई कंबर विसरून धावत आली. मौसी म्हैस पिळत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

वडिलांनी शब्द पाळला. जुलैत माझं नाव घातलं, नवी पाटी आणली. पहिल्या दिवशी भाऊ अंगणाच्या दारापर्यंत माझ्यामागे पळत आला आणि तिथे उभं राहून त्याने दोन्ही हात वर केले. मी पाटी घट्ट धरली आणि निघाले.

शाळेत प्रार्थनेला सगळ्या मुली रांगेत उभ्या होत्या. बाई रांगेतून येत माझ्यापाशी थांबल्या.

"सरळ उभी राहा गं," त्या म्हणाल्या.

मला वाटत होतं मी सरळच उभी आहे. मी खाली पाहिलं. माझी डावी कंबर बाहेर आलेली होती, डावा हात कोपरात वळलेला होता, आणि त्यात कोणी नव्हतं.