बाटलीचा वास

पोलादपूरच्या बाजारात आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात तो कामाला होता. खोकल्यावरचं अडुळशाचं औषध तिथे मोठ्या बरणीतून सुटं मिळायचं. बाटली घरून न्यायची. थंडीत आईची छाती भरायची, म्हणून दर पंधरा दिवसांनी माझी फेरी असे. इतक्या वर्षांत त्याने माझं नाव विचारलं नाही, मीही त्याचं नाही.

गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो बघतच नसे. बाटली घ्यायचा, बूच काढायचा आणि डोळे मिटून नाक थेट तिच्या तोंडाला लावायचा. घरोघरी त्याच बाटल्यांतून रॉकेल यायचं. वास आला की बाटली परत. "धुवून आन." समोरचा खोकून बेजार झाला तरी तेच.

एकदा माझ्यामागे वरच्या आळीतले एक बडे जमीनदार उभे होते. त्याने माझी बाटली हुंगली तसे ते म्हणाले, "अरे, बौद्धवाडीतली बाटली हाय ती. नाकाला काय लावतोस?"

मी खाली बघत राहिलो. समोरच्या हॉटेलात माझा कप वेगळाच ठेवलेला असे. मला त्यात नवीन काही नव्हतं.

त्याने बाटली पुन्हा नाकाशी नेली आणि सावकाश हुंगली.

"रॉकेल नाय," म्हणाला, आणि गळ्यापर्यंत भरून दिली.

मग त्यांची घेतली. हुंगली. बूच लावून त्यांच्यापुढे ठेवली.

"धुवून आना."