खंडेनवमीची साफसफाई

कमठाण्याच्या मल्लेश्वरीला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. दसऱ्याच्या सकाळी तिनं घासलेलंच तपेलं पुन्हा घासायला घेतलं, तेव्हा सासूबाई शरणम्मांनी ओळखलं.

"कामून गं मल्ली? तपेल्याला भोक पाडायलीस व्हय?"

"अत्त्या, तीन वर्षांचं काम पुसलं त्या माणसानं. पूजेच्या नावाखाली पुसलं!"

माहेर मुडबीचं, शिक्षण बसवकल्याणच्या कॉलेजात. लग्नानंतर शहराला जाणं जमलं नाही, म्हणून मल्लेश्वरी घरी बसून कलबुर्गीच्या एका संस्थेचं संगणकाचं काम बघते. छत्तीस गावांतल्या बायका विहिरीचं, बोअरचं पाणी तपासणीचं औषध घातलेल्या बाटलीत भरून ठेवतात. पाणी काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. तशी नोंद फोनवरून आली की नकाशावर त्या जागेचा हिरवा ठिपका लाल होतो आणि दुसऱ्या सकाळी गावातल्या फोनांवर निरोप जातो.

हे सगळं तिनं संस्थेच्या ऑफिसातल्या मोठ्या संगणकावर कंटेनरमध्ये बसवलं होतं. एकेका कामाचा वेगळा डबाच म्हणा. एक नोंदी घेणारा, एक त्या सांभाळणारा, एक नकाशा काढणारा, एक निरोप पाठवणारा. डबा बिघडला तर काढून नवा लावायचा, त्याचं काही वाटून घ्यायचं नाही. पण खुद्द नोंदी डब्यात ठेवायच्या नाहीत, बाहेरच्या साठ्यात ठेवायच्या. साठा मात्र जिवापलीकडे जपायचा. सकाळच्या लिंगपूजेत विभूतीच्या आधी बिल्वपत्र कधी गेलं नाही, तसा तिचा नोंदी सांभाळणाऱ्याच्या आधी नकाशावाला कधी सुरू झाला नाही.

आणि ऑफिसातले तिचे वरिष्ठ विजयेंद्र सर, त्यांनी काल काय केलं? खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून पूजेला ठेवतात, त्या दिवशी त्यांना काम लावत नाहीत. तो मोठा संगणकही मग विसाव्याला बसवला. सगळे कंटेनर बंद करून काढून टाकले. इथवरही चाललं असतं. पण पूजेआधी झाडलोट हवी ना! "जे कुणी वापरत नाही ते सगळं काढ," असा एक हुकूम त्यांनी संगणकाला सोडला. साठा त्या घडीला कुणीच वापरत नव्हतं, कारण वापरणारे सगळे यांनीच काढले होते! संगणकानं सांगितलं तेवढं केलं. साठा गेला. मग त्या रिकाम्या खोक्याला झेंडूचा हार घालून, कुंकू लावून फोटो काढला. मल्लेश्वरीला तो फोटो आला तो "शुभेच्छा"सकट.

दर रविवारी ती साऱ्या नोंदींची एक प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. "जागा कशाला अडवतेस?" म्हणून सरांनी यासाठी तिला दोनदा झापलं होतं. आज तीच प्रत कामी आली. सकाळी सातपर्यंत तिनं घरातूनच साठा पुन्हा भरला, एकेक कंटेनर क्रमानं उभा केला.

सरांचा फोन आला. "वा! सगळा नकाशा हिरवागार. दहा वाजता देणगी देणारी मंडळी मुहूर्तावर बघायला येणार आहेत. काही झालंच नव्हतं असं समज."

तिनं फोन ठेवला आणि तपेलं हातात घेतलं ते तेव्हा. ते अजून हातात होतं तोच निर्ण्याच्या चन्नम्माचा फोन आला. ही तिथल्या बोअरचं पाणी तपासणारी.

"मल्लेश्वरी, आमची बोअर हिरवी दिसायलीय कामून? मंगळवारी माझी बाटली काळी कुळकुळीत झालती. मी पाठवलं की गं."

मल्लेश्वरीच्या हातातलं तपेलं मोरीत पडलं. प्रत रविवारची होती. सोमवार-मंगळवारच्या नोंदी साठ्याबरोबर गेल्या होत्या. निरोप काल, बुधवारी सकाळी जायचा, तर काल यंत्र हार घालून बसलेलं.

"अक्का, बाटली आहे का?"

"हाय की. फेकते व्हय? अन् इथं दसऱ्याला घरोघर पाव्हणं आल्यात, त्याच बोअरचं पाणी भरायल्यात."

"आधी बोअरवर जा. कुणाला भरू देऊ नका. मग बाटलीचा फोटो पुन्हा पाठवा."

तिनं नकाशाचा कंटेनर बंद केला. तेवढा एकच. बाकीचे चालू ठेवले आणि सोमवार-मंगळवारच्या नोंदी पुन्हा मागवायला छत्तीस गावांना फोन लावायला बसली.

साडेनऊला सर फोनवर ओरडलेच. "नकाशा कुठाय? मंडळी दारात आहेत!"

"सर, तो नकाशा खोटा आहे. निर्ण्याचं पाणी खराब आहे अन् तो चांगलं दाखवतोय."

"एका ठिपक्यासाठी? तासाभरापुरता लाव गं."

"त्या ठिपक्यावर माणसं पाणी प्यायलीत, सर! तुमच्या घरी भरून पाठवू का एक घागर?"

सर आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, अहवालात लिही की कमठाण्यात वीज गेली, त्यात बिघाड झाला."

"आमच्या गावची वीज कामून बदनाम करायलाव? ज्याच्या हातानं झालं त्याचं नाव लिहीन."

दहाला मंडळींना कोरा पडदा दिसला. पावणेबाराला छत्तिसावं गाव फोनवर सापडलं, राहिलेली शेवटची नोंद आली. तेव्हा तिनं नकाशा लावला. निर्ण्याचा ठिपका लाल झाला, निरोपही तिनं तेव्हाच सोडले. चन्नम्मानं फोटो पाठवला. तिनं ती काळी बाटली दोऱ्यानं बोअरच्या दांड्यालाच टांगली होती.

शरणम्मांनी पाट मांडला. "आता तरी पूजेला बस. तुझं कायक, कामाची पूजा, झाली न्हवं?"

"झाली न्हाई, अत्त्या. अहवाल राहिलाय."

उपाशीपोटी तिनं तो लिहिला, विजयेंद्र सरांच्या पूर्ण नावानिशी, हार घातलेल्या संगणकाच्या फोटोसकट, आणि संस्थेच्या सगळ्या विश्वस्तांना पाठवला. मग हातपाय धुतले आणि विभूती लावली. कपाळाची शीर अजून उडत होती.