मागच्या रांगेतला उजेड

पगाराच्या दिवशी मॅनेजर बॅटरीभाऊंना खऱ्या नावाने हाक मारायचा, तेव्हा आम्हीच इकडेतिकडे बघायचो, हा नवीन कोण आला म्हणून. तीस वर्षं हातात बॅटरी धरून लोकांना अंधारात खुर्चीपर्यंत पोचवणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? मी त्याच थिएटरात तिकिटाच्या खिडकीत बसते. माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. आणि पुढे जे झालं त्यात माझा हात आहे, तेही.

त्यांची बायको मोठी बोलकी. एक वाक्य संपायच्या आत दुसरं तयार. भाऊ ह्या कानाने ऐकायचे, त्या कानाने सोडून द्यायचे. मग दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र पुरती शाबूत, आणि ते जास्त वाईट. भाऊ सकाळी तिला आंघोळ घालायचे, वेणी घालायचे, भरवायचे आणि अकराला घराबाहेर पडायचे. चार वाजता शेजारीण कामावरून आली की डोकावायची. मधले पाच तास ती एकटी, भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची तेवढीच.

पण तिचा डावा हात चालत होता. गळ्यात दोरीने फोन अडकवलेला असायचा, त्यावर ती एका बोटाने टाइप करायची. नवरा समोर असला की नाही हं. "तुम्ही समोर असलात की सुचत नाही," असं तिनेच लिहिलं होतं. भाऊ थिएटरात आले की सुरू व्हायची. सिनेमा सुरू झाला, उशिरा येणारे बसवून झाले, की भाऊ मागच्या रांगेमागे स्टुलावर बसून मेसेज वाचायचे. आमच्याकडे सक्त नियम, फोनचा आवाज बंद, थरथरही बंद. म्हणून ते दर वीस मिनिटांनी उघडून बघायचे. एकही चुकवायचे नाहीत.

कधी मला दाखवायचे. "भाजीत मीठ नव्हतं. खाल्ली. करणाऱ्याचं तोंड बघून." किंवा, "तीस वर्षं बडबडले, त्यातलं काय आठवतं ते सांगा. आता परीक्षा घेणार आहे."

"ताई, ही इतकी गमतीची आहे हे मला ठाऊकच नव्हतं हो," ते एकदा म्हणाले.

"धन्य तुमची!" मी म्हटलं. "लग्नाला तीस वर्षं झाली आणि आता ओळख होतेय."

हसले. पण डोळे भरले होते त्यांचे, मी पाहिलं.

मग मागच्या रांगेतल्या एका दीडशहाण्याने तक्रार केली, डोअरकीपरच्या फोनचा उजेड डोळ्यांत जातो म्हणून. स्वतः अर्धा सिनेमा घोरत होता मेला! मॅनेजरने भाऊंना बोलावून बजावलं, "पुन्हा उजेड दिसला तर घरी बसायचं." नोकरी गेली तर बायकोचं औषध कुठून आणणार? भाऊंनी उजेडाची पट्टी खालच्या टोकाला नेऊन ठेवली, तरी अंधारात तोंड दिसायचंच. शेवटी एका रविवारी दुपारच्या शोआधी माझ्या खिडकीत आले.

"ताई, अजून कमी होतं का बघा ना."

होतं. माझ्या पोरीने मला दाखवलं होतं. सेटिंगमध्ये आत एक वेगळं बटण असतं, त्याने सगळ्यात कमीच्याही खाली जाता येतं. मी ते चालू केलं, मागचा रंग काळा केला, अक्षरं करडी आणि मोठी. खुर्चीखाली फोन धरून बघितलं. झकास. वाचता येत होतं आणि बाजूच्याला पत्ता लागला नसता. मीच माझी पाठ थोपटली.

इंटरव्हलला भाऊ फोन घेऊन बाहेर आले. दुपारचं ऊन समोरच्या काचांवरून थेट माझ्या खिडकीत येतं, डोळे उघडवत नाहीत.

"मेला वाटतं," ते म्हणाले, फोन दाबून दाबून बघत. "जुनी बॅटरी हो. जरा चार्जिंगला लावता? चालू झाला की काही आलंय का बघा, आणि मला हाक मारा. विसरू नका."

"हो हो, जा तुम्ही."

लावला. पुढच्या शोची ही गर्दी! नवा सिनेमा, रविवार, सुट्ट्या पैशांवरून भांडणं. एकदा मधेच मी त्याचं बटण दाबून बघितलं. काळा ठिक्कर. अजून मेलेलाच, म्हटलं, आणि पुढच्याला तिकीट फाडून दिलं. अहो, मघाशी माझ्याच बोटांनी तो काळा केला होता! आठवू नये? नाही आठवलं.

शो हाऊसफुल झाला तसं मी खिडकीचं शटर ओढलं. आत अंधार झाला. फोनचं बटण पुन्हा दाबलं, आणि तो मंद उजळलेला दिसला. तो कधी मेलाच नव्हता.

"पडले."

"मोरीत."

"उठता येत नाही. या."

"कुठे आहात?"

"दार नुसतं लोटलंय. या."

पहिला मेसेज इंटरव्हलच्या थोडा आधीचा. शेवटचा त्यानंतर तासाभराने. तो असा होता: "मुद्दाम बघत नाही तुम्ही. कंटाळलात मला. राहू दे. मीच उठते."

मी धावले. हॉलकडे जाणाऱ्या बोळात माझे पाय थांबले. हे वाचलं तर हा माणूस जगणार नाही, एवढंच मनात आलं. मी तो शेवटचा मेसेज पुसून टाकला. त्यांना वाचवायला की स्वतःला, देव जाणे. मग आत जाऊन त्यांच्या हातात फोन दिला. वाचता वाचता ते उठले, स्टूल आडवं झालं, लोक शुक शुक करायला लागले. भाऊ पळत सुटले.

ती जिवंत सापडली. पण एकटी उठायला गेली तेव्हा पुन्हा पडली होती, डाव्या मनगटावर. हाडांचा चुरा. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली, टाके घातले, पण बोटं वळेनात. आता ती लिहीत नाही.

भाऊंना मी सांगितलं, फोन बंद नव्हता, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "मीच तर कमी करायला सांगितलं होतं, ताई." एका शब्दाने रागावले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. ती पलंगावर, दोन्ही हात पांघरुणावर पडलेले. मी खाली वाकून तिला सगळं सांगितलं. त्यांनी मुद्दाम नाही केलं वहिनी, फोन दिसतच नव्हता, चूक माझी. तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं ऐकलंच नाही.

भाऊ चहा घेऊन आले. तिच्या उशाशी बसले, फोन काढला आणि मला दाखवायला लागले, मी जणू तो कधी पाहिलाच नव्हता.

"हे बघा ताई. शेवटचं लिहिलेलं. 'दार नुसतं लोटलंय. या.' एवढी पडलेली, दुखत असणार, पण रागाचा एक शब्द नाही. शेवटपर्यंत मला बोलावत होती." मग तिच्याकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाले, "हो की नाही गं? हेच शेवटचं ना?"

तिने डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे, मी हातातला कप खाली ठेवला. काय लिहिलं होतं ते तिला माहीत होतं, आणि ते कुणी पुसलं तेही तिला त्या क्षणी कळलं.

मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. हो म्हणून.