नाही म्हणायची प्रॅक्टिस

आमच्या मंडळाची मीटिंग मैदानावर उभ्यानंच होते. एकदा माणसं बसली की उठत नाहीत, आणि मला तर कुठेच बसवत नाही. विषय असतो पाण्याचा, नाहीतर गटाराचा. पण जरा वेळ झाला की कुणीतरी म्हणतो, "ते आठवतंय का रे?" आणि गटार राहतं बाजूला. गटाराचं काम एवढी वर्षं का रखडलंय ते लोक मला, म्हणजे सेक्रेटरीला, विचारतात. किस्से साचत जातात, गटार तुंबत जातं. दोन्ही उपसायला माणूस मीच.

आम्ही सगळे जव्हार-मोखाड्याकडचे. कुणी साखरशेतचा, कुणी जामसरचा, कुणी वांगणीचा. ठाण्यात बिल्डिंगांच्या साइटवर बिगारी करायला आलो आणि डोंगराच्या पायथ्याशी राहिलो. वस्तीच्या तोंडाशी एक मैदान आहे. त्याचं कंपाउंड आणि लोखंडी फाटक आमच्याच लोकांनी रविवारी रविवारी खपून उभं केलंय. वाघबारशीला तिथे तारपा वाजतो, लग्नं तिथेच लागतात, गावाहून आलेली नाचणी तिथेच वाळते. थोडक्यात, ते आमचं अंगण. या अंगणात पार्किंग करावं असं वॉर्ड ऑफिसच्या मनात आलं आणि माझी झोप उडाली.

*

साहेब पहिल्यांदा आले ते लोकांचं म्हणणं ऐकायला. माणूस गोड होता. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. पार्किंग कसं छान होईल ते त्यांनी समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मग, चालेल ना?"

सगळे गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सगळे गप्प. साहेब खूश होऊन उठले, सगळ्यांना हात जोडले आणि वस्तीची संमती आहे असं ऑफिसात जाऊन सांगून टाकलं.

मी किसनला धरलं. किसन जामसरचा, एका सोसायटीत वॉचमन आहे आणि आमचा तारपा तोच वाजवतो. मी म्हटलं, तुम्ही तोंड का नाही उघडलंत? तर तोच माझ्यावर उखडला. आमच्याकडे अंगणात आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. गप्प बसतात. समोरचा काय ते समजतो आणि उठतो.

"दोनदा इचारला, दोनी टायमाला आमी नाय सांगितला," किसन म्हणाला. "त्याला कळला नाय, तर तो कसला साहेब?"

*

तसं हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. माझ्या काकासाठी मुलगी बघायला आजोबा जामसरला गेले होते. मुलीच्या बापाला स्थळ पसंत नव्हतं. त्यानं पाहुण्यांना बसवलं, नाचणीची भाकरी आणि सुकट वाढली, आणि लग्नाचा विषय निघाला की तो छपराकडे बघायला लागायचा. आजोबांनी लगेच भाताच्या रोपांची चौकशी सुरू केली, हात धुतले आणि निघाले. दोन्ही घरं आजही एकमेकांकडे जाऊन-येऊन आहेत.

शहरात मात्र याच सवयीनं आमचा जीव जातो. गंगूआत्या वांगणीची, वस्तीतली सगळ्यांत जुनी बाई. तिच्याकडे पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा एक पोरगा आला. त्यानं तासभर माहिती दिली, आत्यानं चहा दिला आणि ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन भिंतीला भोकं पाडली आणि मशीन बसवलं. नळ कुठाय म्हणून तो शोधायला लागला, तेव्हा त्याला कळलं की आत्याच्या घरात नळच नाही. महिनाभर त्या मशीनला आत्याची छत्री लटकत होती. शेवटी तोच येऊन मशीन काढून घेऊन गेला. तेव्हाही आत्यानं त्याला चहा दिला.

*

इलेक्शनला तर कहर झाला. जो उमेदवार यायचा, त्याला खुर्ची, चहा आणि शांतता. प्रत्येकाला वाटलं, काय शिस्तीची माणसं आहेत, सगळी आपलीच. एकानं तर जाताना गंगूआत्याच्या पाया पडून आगाऊ आभार मानले. मतं मात्र आम्ही ज्याला द्यायची त्यालाच दिली. वस्तीत पाणी आणेन म्हणाला होता, आणि तो एकटाच फाटकाबाहेर रस्त्यावर गाडी थांबवून बोलला होता. त्याला लोकांनी खडसावून चार प्रश्न विचारले होते, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

निकालानंतर पडलेला उमेदवार तणतणत आला. तुम्ही मला फसवलंत म्हणाला. त्यालाही आम्ही चहा दिला.

*

मैदानाचं प्रकरण काही माझ्या डोक्यातून जाईना. वॉर्ड ऑफिसात इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला बघून आधीच मान हलवायचा. अखेर साहेब म्हणाले, ठीक आहे, लोकांना पुन्हा एकदा विचारतो. आणि तारीख दिली ती ऐन आवणीतली! भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, अख्खी वस्ती कुलपं लावून गावी गेलेली. मैदानात मी आणि कुत्री.

मिळेल ती एसटी धरून जव्हार गाठलं. तिथून जीपनं, पुढे चिखल तुडवत जामसर. किसन गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होता. बांधावरून मी घसा फोडून सांगितलं, अरे, मैदान जाईल, चला. त्यानं मान वर न करता विचारलं की आवणी टाकून आलो तर खायचं काय, पार्किंग? मला राग आला आणि रडूही आलं. दोन्हीकडचं खरं होतं. मग काय करणार, पँट वर दुमडली आणि मीही रोपं लावायला लागलो.

त्याच पावसात ठाण्यात वॉर्ड ऑफिसच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि तारीख पुढे गेली. किसन अजून सांगतो, पावसाला नाही म्हणता येतं, फक्त आम्हालाच येत नाही.

*

मग मी प्रॅक्टिस सुरू केली. रोज संध्याकाळी मी खुर्चीत साहेब होऊन बसायचो आणि विचारायचो, "पार्किंग चालेल ना?" सगळे एका सुरात ओरडायचे, "नाय चालणार!" पोरंटोरंही ओरडायची. मला वाटलं, जिंकलो.

खात्री करावी म्हणून मी हल्ली ज्या कंपनीत कामाला आहे तिथल्या सुपरवायझरला इस्त्रीचा शर्ट घालून आणलं. तो फाटकातून आत आला, खुर्चीत बसला, प्रश्न विचारला. सगळे गप्प. कुणीतरी चहा आणायला पळालं. परत जाताना तो मला म्हणाला, "किती चांगली माणसं रे. कशालाच नाही म्हणत नाहीत."

त्या संध्याकाळी गंगूआत्या बराच वेळ फाटकापाशी बसून होती. तिनं मला विचारलं, साहेब फाटकातूनच आत येणार का? मी आधीच वैतागलेलो. म्हटलं, मग काय भिंतीवरून उडी मारून येईल? ती उठली आणि फाटकाची कडी घालून-काढून बघायला लागली.

*

आणि मग तो दिवस आला. साहेब आले, बरोबर इंजिनियर आला, मोजायची टेप आली. वस्ती झाडून हजर होती. खुर्ची दिली. चहा दिला. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "मग, चालेल ना?"

सगळे गप्प.

मी उठायला गेलो तर साहेब हसून म्हणाले, "सेक्रेटरी, तुमचं मला पाठ आहे. लोकांना बोलू द्या." मी किसनकडे बघितलं. किसन छपराकडे बघावं तसं आभाळाकडे बघत होता. पोरं आयांच्या मागे लपली. खरं सांगतो, साहेबांनी मला बोलू दिलं असतं तरी माझी जीभ उचलली नसती. मीही साखरशेतचाच. साहेबांनी पुन्हा विचारलं, थोडं थांबले, आणि इंजिनियरला टेप सोडायची खूण केली.

तेवढ्यात गंगूआत्या उठली. तिनं साहेबांच्या हातातला कप घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "साहेब, जरा चला."

साहेब उठले. ती पुढे, साहेब मागे. तिनं फाटक उघडलं. साहेबांना वाटलं, बाहेरचं काही दाखवायचं असेल. ते रस्त्यावर गेले, पाठोपाठ इंजिनियरही टेप गुंडाळत गेला. आत्यानं आतून फाटक लोटलं आणि कडी घातली. रिक्षावाले हॉर्न मारत साहेबांना घासून जात होते. आत अख्खी वस्ती उठून आत्याच्या मागे येऊन उभी राहिली.

आत्यानं फाटकाच्या गजांमधून साहेबांकडे बघितलं.

"आता इचारा," ती म्हणाली.