अक्कांच्या हातातला दोर

आमचं घर नशिराबादचं. हायवेला लागून अब्बांचं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. इंजिनातलं कळतं एवढ्याच भांडवलावर मी शोधपथकात बोट चालवायला लागलो. पथक पुरातली माणसं वाचवण्यासाठी आहे, असं म्हणतात. पण आम्हाला बोलावणं येतं तेव्हा बहुतेक वेळा वाचवायला कुणी उरलेलं नसतं. आम्ही प्रेतं शोधतो.

त्या पावसाळ्यात आम्हाला नवी, मोठी बोट मिळाली होती. आधीची रबरी होडी चौघं मिळून उचलायचो आणि काठावर टाकायचो. ही दोन इंजिनांची, जड. काठाला लावताना जरा चुकलं की पंखा गाळात रुतायचा, नाहीतर बोट प्रवाहाला आडवी व्हायची आणि पाणी तिला दगडांवर आपटायचं.

चोपड्याकडच्या एका गावात तापीत एक म्हातारा वाहून गेला होता. धरणातून पाणी सोडलंय हे कळल्यावर नदीतल्या बेटावर चरायला गेलेली म्हैस आणायला तो पाण्यात उतरला. म्हैस पोहत परत आली, तो आला नाही. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती त्याची बायको. गाव तिला अक्का म्हणायचं, मग आम्हीही म्हणायला लागलो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही परत येताना दिसलो तसं अख्खं गाव पाण्यात शिरलं. काही सापडलं का ते बघायला लोक कमरेइतक्या पाण्यातून बोटीकडे येत होते आणि माझे दोन्ही पंखे फिरत होते. मी इंजिनं बंद केली तर प्रवाहाने बोट आडवी घेतली. पुन्हा चालू करून मागे सरलो. आमच्यातला पाणबुड्या ओरडून ओरडून लोकांना मागे हटवत होता. कुणाचा पाय पंख्यात आला नाही हे नशीब.

दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. काठापासून बऱ्याच अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला मागचा नांगर टाकायचा. त्याने तळ धरल्याची खात्री झाली की त्याचा दोर थोडा थोडा सोडत हळू काठाकडे यायचं. पाणी उथळ झालं की इंजिनं वर उचलायची आणि पुढचा दोर काठावर फेकायचा. तो कुणीतरी बाभळीला बांधला की मागून नांगर आणि पुढून झाड अशी बोट दोन्हीकडून धरलेली राहते. नाक तेवढं वाळूला टेकतं, बाकीची पाण्यावर. धरणाच्या खालची नदी तासाभरात उतरते, म्हणून पूर्ण वर चढवून चालत नाही. कोरडी पडली की तिला कोण हलवणार?

काठावर एक पोलीस भाऊ होते, पण बुटांमुळे चिखलात त्यांना चालता येईना. दोर पाण्यात पडला तो अक्कांनी उचलला. मी लांबूनच सांगितलं की हाताला गुंडाळू नका, झटका बसला तर बोटं जातील; झाडाला दोन वेढे द्या. त्यांनी दिले. मग रोज त्याच देऊ लागल्या. आम्ही दिवसभर पाणी पालथं घालून यायचो आणि त्या बाभळीखाली पदर खोचून उभ्या असायच्या. आधी बोटीच्या तळाकडे बघायच्या, मग दोर घ्यायच्या.

प्रेत सापडलं तर त्या काठाला आणायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पुन्हा झुंबड नको म्हणून ते नदीच्या वळणापलीकडे, जुन्या घाटावर उतरवायचं. हे आम्ही अक्कांना सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं. एका संध्याकाळी वेढे देता देता म्हणाल्या, "ज्या दिन तुमनी होडी आठे येनार नही, त्या दिन मी समजी जासू."

म्हणजे आम्ही येतोय तोवर तो सापडलेला नाही, आणि आलो नाही तर सापडला. मी मागच्या नांगराचा दोर ताणून बांधला.

नंतर एके दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला. प्रवाह एकीकडे, वारा दुसरीकडे, नदी नुसती उसळत होती. मी नेहमीच्या जागी नांगर टाकला, तो धरेना. पुन्हा टाकला. गाळातून घसरत राहिला आणि बोट तिरपी होऊन दगडांकडे जायला लागली. अक्का दोरासाठी हात पुढे करून उभ्या होत्या. पाणबुड्या म्हणाला की फुटेल ही. मला दिसतच होतं. नांगर ओढून घेतला आणि बोट वळणापलीकडे, दरडीच्या आडोशाला नेली. तिथे वारा नव्हता. घाटाला ती अगदी अलगद लागली.

बोट बांधून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही आपण काय केलंय ते. मग काठाकाठाने अक्का येताना दिसल्या. घरी जाऊन आल्या असाव्यात, कारण काखेत धुतलेलं धोतर होतं. सोबत गावातल्या दोघी बायका रडत होत्या. अक्का रडत नव्हत्या. सरळ बोटीपाशी आल्या आणि आत बघितलं.

"कुठे शेतस ते?" कुठे आहेत ते, असं त्या मला विचारत होत्या.

मी सांगितलं, "अक्का, नाही सापडले. वारा होता म्हणून इकडे यावं लागलं."

त्यांनी पुन्हा आत बघितलं. मी तेच पुन्हा सांगितलं. मग त्या घाटाच्या पायरीवर बसल्या आणि धोतराची घडी उलगडून परत घालू लागल्या. तसं बराच वेळ चाललं. बायकांनी उठवलं तेव्हा उठल्या.

त्यानंतर त्या काठावर आल्या नाहीत. दोर पोलीस भाऊ घ्यायचे, अनवाणी. थोड्या दिवसांनी शोध थांबवा असा निरोप आला. आम्ही बोट गाडीवर चढवली आणि निघालो. म्हातारा आजवर सापडलेला नाही.

दिवाळीनंतर त्या बाजूला काम निघालं म्हणून गावात गेलो. अक्का दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होत्या. कपाळावर कुंकू होतं. भाऊबंदांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, पण त्या गेल्या नाहीत आणि कुंकूही पुसू दिलं नाही, असं शेजारणीने बाजूला घेऊन सांगितलं. म्हैस विकून टाकली होती.

मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनीच विचारलं की हल्ली कुठे शोधता. मी म्हणालो, गिरणा नदीत. कोण, म्हणाल्या. एका बाईचा मुलगा, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे वळल्या.